शाश्वत विकास, पण कोणाच्या उरावर?

आम्ही गोवंडीत शिकवतो. उर्दू माध्यमाची शाळा आहे. देवनारचे डम्पिंग शाळेच्या गच्चीवरून दिसते, आणि गच्चीवर न जाताही ते तिथे आहे हे कळते. वाऱ्याने दिशा बदलली की वर्गातली पोरे आपण होऊन खिडक्या लावून घेतात. त्यांना ते सांगावे लागत नाही.

अशा वर्गात पर्यावरणाच्या तासाला आम्हाला फळ्यावर लिहावे लागते, ‘पायेदार तरक्की’. मराठी पुस्तकांत यालाच ‘शाश्वत विकास’ म्हणतात. शब्द दोन्हीकडे भारदस्त. आजच्या माणसांनी आपली गरज अशी भागवावी की उद्याच्या माणसांची गरज अडू नये, असा त्याचा साधा अर्थ. मध्यंतरी हे उतरवून घेता घेता मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, ये आनेवाली नस्लें कौन हैं? हम लोग?” वर्ग हसला. आम्हीही हसलो. घरी जाताना मात्र ते हसू टिकले नाही. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने ही कल्पना जगापुढे मांडली तेव्हा या मुलाचे आईबाप स्वतःच लहान असतील, कदाचित जन्मालेही आले नसतील. त्या हिशोबाने ‘येणारी पिढी’ केव्हाच येऊन पोहोचली आहे. ती आमच्या वर्गात बसली आहे आणि खोकते आहे.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची सतरा उद्दिष्टे ठरवली, त्यांतले अकरावे शहरांचे. मुंबईने २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडाही जाहीर केला. आमचा या कागदांना विरोध नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की शहर स्वच्छ, हिरवे, टिकाऊ करण्याच्या नावाने जे जे होते त्याचे श्रेय साऱ्या शहराला मिळते आणि बिल मात्र दरवेळी त्याच चार वस्त्यांच्या नावावर फाडले जाते. हे चुकून होत नाही. शंभर वर्षे होत आले आहे.

इतिहास पाहा. आज ज्या हार्बर मार्गावर लोंबकळत आमचे शिक्षक कामाला येतात, त्यातला कुर्ला-चेंबूर हा तुकडा १९०६ मध्ये टाकला गेला तो माणसांसाठी नव्हे, कचऱ्यासाठी. शहराचा कचरा गाडीत भरून चेंबूरच्या दलदलीत नेऊन ओतायचा, हा त्याचा उद्देश. माणसांना त्या गाडीत बसायला १९२४ उजाडले. १९२७ पासून देवनारला कचरा पडू लागला. म्हणजे या बाजूला आधी कचरा आला, मग माणसे आली. ती तरी आपल्या पायांनी आली का? काही आली, हे कबूल. पण १९७० च्या दशकात शहरातल्या झोपड्या उठवून शिवाजीनगर-बैंगनवाडीच्या फुटपट्टीने आखलेल्या चिमुकल्या भूखंडांवर लोकांना आणून टाकले ते सरकारनेच. १९७६ मध्ये, आणीबाणीत, मानखुर्दची जनता कॉलनी जमीनदोस्त करून हजारो माणसे चिता कॅम्पमध्ये हलवली तीही सरकारनेच. “तुम्ही कचऱ्याशेजारी राहता कशाला?” असे आम्हाला कार्यक्रमांतून विचारतात. हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी आपल्या इमारतीखाली पूर्वी कोण राहत होते ते शोधावे.

पुढचा प्रसंग तर अधिक बोलका आहे. शहराला चांगली रेल्वे हवी, रुंद रस्ते हवेत. लोकल गाड्या वाढाव्यात याहून अधिक पर्यावरणस्नेही काम मुंबईत दुसरे नसेल. आम्ही त्याच्या बाजूने आहोत. त्या प्रकल्पांत रुळांकाठच्या आणि रस्त्यांकाठच्या झोपड्या गेल्या आणि त्यातली मोठी संख्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा वसाहतींत आली. कुठे? आमच्याच एम-पूर्व विभागात. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये पुढे आलेल्या अभ्यासाने या वसाहतींतल्या क्षयरोगाचा संबंध न येणाऱ्या उन्हाशी आणि न फिरणाऱ्या हवेशी जोडून दाखवला. म्हणजे शहराचा श्वास मोकळा व्हावा म्हणून ज्यांनी जागा सोडली, त्यांचाच श्वास कोंडला. ज्यांच्या घरावरून आज गाडी धावते त्यांच्या मुलांना आम्ही ‘सार्वजनिक वाहतुकीचे फायदे’ हा निबंध लिहायला लावतो. मुले लिहितात. दहापैकी सात गुण पडतात. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात चोवीस विभागांत आमचा विभाग सर्वांत शेवटी होता, हे त्या निबंधात कोणी लिहीत नाही.

आता शाळेतलीच एक गोष्ट. ‘टाकाऊतून टिकाऊ’ नावाचा एक उपक्रम सगळ्याच शाळांत असतो. आमच्याकडे ‘बेकार चीजों से कारआमद चीजें’. होते काय, तर आईबाप दुकानातून नवा कोरा थर्माकोल, रंगीत कागद, चिकटवायची नळी विकत आणतात, त्याचा ताजमहाल करतात आणि प्रदर्शन संपले की तो ताजमहाल कचऱ्यात जातो. एका वर्षी एक मुलगा काहीच न आणता आला. पहाटे आईबरोबर प्लास्टिक निवडून मग शाळेत येणारा मुलगा. आम्ही रागावलो. तो शांतपणे म्हणाला, “सर, घर में बेकार कुछ रहता ही नहीं, सब बिक जाता है.”

आम्ही बी.एड. केले आहे. अध्यापनाच्या पद्धती, मूल्यमापन, बालमानसशास्त्र, सगळे पाठ आहे. पण शाश्वत विकासाची इतकी नेमकी व्याख्या कोणत्याही प्रशिक्षणात आम्हाला मिळाली नाही. त्या मुलाला त्या दिवशी आम्ही शून्य गुण दिले होते, हेही सांगून टाकतो. नोंद नंतर बदलली.

हा ‘सब बिक जाता है’ नीट समजून घेतला पाहिजे. मुंबईचा रोजचा कचरा सहा-साडेसहा हजार टनांच्या घरात. कायदा सांगतो की ओला-सुका घरीच वेगळा करा. २००० च्या नियमांत वर्गीकरण आले, २०१६ च्या नियमांनी ते अधिक कडक केले. प्रत्यक्षात उंच इमारतीतली बाई एकाच पिशवीत सगळे कोंबते आणि ते वेगळे करते बैंगनवाडीतली बाई. बाटली निराळी, पन्नी निराळी, पुठ्ठा, काच, पत्रा, तार निराळी. मग काट्यावर वजन, मग गोदाम, मग धारावीत प्लास्टिक दळून त्याचा दाणा, दाण्यापासून पुन्हा बादली. ही साखळी पालिकेने उभारलेली नाही, तिला अनुदान नाही, तिच्या हाताला हातमोजा नाही. उलट जिथे कचरा वाहून नेण्याचे पैसे टनावर मोजले जातात तिथे कचरा कमी होणे कंत्राटदाराच्या तोट्याचे असते. वजन वाढवायचे तर ट्रकात राबिट टाका. शहराचे ओझे खरोखर हलके करते ती बाई, आणि ओझे जितके जड तितका नफा दुसऱ्याचा. यांतली ‘अस्वच्छ’ कोण, ‘अनधिकृत’ कोण, हे आम्हाला कोणी सांगेल का?

इथे एक इशारा देणे भाग आहे, कारण आमच्या काही पुरोगामी मित्रांना गरिबीत काव्य दिसते. कचरा वेचणे हे भूषण नाही. नऊ वर्षांच्या पोराने सुया आणि फुटक्या काचांत हात घालणे ही लाजेची गोष्ट आहे, आणि त्याच्या हाती पुस्तकच असले पाहिजे. पण काम घाणेरडे आहे म्हणून काम करणाराच हाकलायचा, की काम माणसाने करण्याजोगे करायचे? पुण्याने दुसरा रस्ता धरला. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, बाबा आढावांसारखा माणूस तिच्या पाठीशी होता, आणि २००८ मध्ये कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. ओळखपत्र, दारोदार संकलन, ठरलेला मोबदला. त्यातही कुरबुरी आहेत, करार लटकतात, पण बाई कचऱ्याच्या ढिगावरून उतरून दारात उभी राहिली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने परिसर भगिनींचे काम उभे केले ते याच दिशेचे. २०१६ च्या नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घ्या असे स्पष्ट लिहिले. आमच्या गल्लीत ते सामावणे कसे झाले ते पुढे सांगतो.

२८ जानेवारी २०१६. डम्पिंगला आग लागली. आग तिथे नवी नाही. ओला कचरा कुजून मिथेन तयार होतो आणि डोंगर आतून धुमसत असतो. त्या वेळी मात्र धुराने आमची हद्द ओलांडली, दूरवरचे उपनगर आणि दक्षिणेकडची वस्ती काळवंडली, उपग्रहातून धुराचा पट्टा दिसला. आमच्या विभागातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. सुट्टी मिळाली म्हणून पोरे गल्लीत क्रिकेट खेळत होती, त्याच धुरात. आम्ही त्यांना घरात जा म्हणालो, तर घरेही धुराने भरलेली. मग जायचे कुठे, याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, म्हणून आम्हीही थोडा वेळ तिथेच उभे राहिलो.

त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर मुंबई उच्च न्यायालयाने कचऱ्याची सोय होईपर्यंत शहरात नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. आमच्या दृष्टीने तो ऐतिहासिक दिवस. घरे बांधायची तर त्या घरांचा कचरा कुठे जाणार हे आधी सांगा, एवढा साधा हिशोब प्रथमच कोणी मांडला होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई सशर्त उठवली. टॉवर पुन्हा उभे राहू लागले. आगीनंतर लगेच झाले ते मात्र टिकले: पहारे वाढले, भिंती वर चढल्या, कचरावेचकांना आत यायला मज्जाव झाला. सामावून घेणे ते हे. भंगाराच्या धंद्यातल्या काही जणांना अटक झाली. ज्याने आग लावली असेल त्याला शिक्षा झालीच पाहिजे. त्यात आम्ही कोणाची बाजू घेणार नाही. पण शंभरावर हेक्टर जागेत नव्वद वर्षे कचरा रचणाऱ्या व्यवस्थेचा गुन्हा कोणत्या कलमाखाली येतो?

आता थोडे आमच्याच घराकडे वळू. दुसऱ्याकडे बोट दाखवताना आपल्या नखातली माती दिसली पाहिजे. पहाटेच्या बाईचे वजन काट्यावर मारणारा गोदामवाला बहुधा आमच्याच मोहल्ल्यातला असतो. तो जलशाला वर्गणी देतो, स्टेजवर हार घालून घेतो. ज्या गल्लीत पिण्याचे पाणी कॅनच्या हिशोबाने विकत घ्यावे लागते, त्याच गल्लीत वजूचा नळ मोकळा वाहताना आम्ही पाहतो. वाहत्या नदीकाठी बसलात तरी वजूला पाणी वाया घालवू नका, ही शिकवण मदरशातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. लग्नाच्या दावतीत हजार माणसांच्या प्लास्टिकच्या पत्रावळ्या सकाळी नाल्यात. नाला तुंबला की शिव्या पालिकेला. आमचे पुढारी डम्पिंग हटवण्याचे आश्वासन प्रत्येक निवडणुकीत देतात आणि निवडणूक संपली की ते आश्वासनही डम्पिंगवर जाते. आम्ही शिक्षक तरी काय करतो? अकरावे उद्दिष्ट, पाच गुण, महत्त्वाचे, असे सांगून पुढचा धडा घेतो.

त्यातच रुग्णालयांचा कचरा जाळण्याचा प्रकल्प २००९ पासून आमच्याच भागात. गोवंडीतल्या रहिवाशांनी तो न्यायालयात नेला आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन वर्षांत तो हलवण्याचा आदेश दिला. वस्तीत आनंद झाला, आम्हीही पेढा खाल्ला. पण नवी जागा रायगड जिल्ह्यात खालापूर तालुक्यात, हे वाचल्यावर पेढा घशात अडकला. खालापूरच्या शेतकऱ्याने काय घोडे मारले आहे? त्याच्याही गावात शाळा आहे, तिथेही कोणी मास्तर फळ्यावर हीच व्याख्या लिहीत असेल. एका गरिबाच्या छातीवरचे ओझे उचलून दुसऱ्याच्या छातीवर ठेवणे याला आम्ही विजय म्हणणार नाही. मुंबईच्या इस्पितळांचा कचरा मुंबईच्या सर्व विभागांनी थोडाथोडा वाटून घ्यावा, असे एकदा तरी कोणी मोठ्याने म्हणावे. मलबार हिलला एक छोटी भट्टी. ऐकून लोक हसतात. गोवंडीला भट्टी म्हटल्यावर कोणी हसले नव्हते.

आता शेवटचा आणि सर्वांत ताजा अंक. २०२५ मध्ये पालिकेने देवनारचा जुना कचरा उपसण्यासाठी निविदा काढली. सुमारे १८५ लाख टन कचरा, तीन वर्षांची मुदत, खर्च दोन हजार कोटींच्या वर. डोंगर जावा ही आमची जुनी दुआ आहे, तेव्हा आम्ही आमीनच म्हणू. पण त्याच्या आधी, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, राज्य सरकारने याच देवनारची सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासात ‘अपात्र’ ठरणाऱ्यांच्या घरांसाठी द्यायचे ठरवले होते. क्रम लक्षात घ्या. आधी जमिनीचा निर्णय, मग सफाईची निविदा. चाळीस वर्षे आमच्या पोरांच्या खोकल्याने जो डोंगर हलला नाही तो जमिनीची गरज पडताच हलू लागला.

आणि हे अपात्र कोण? त्यांत शहराचे प्लास्टिक दळून त्याचा दाणा करणारेही येणार, शिवणकाम करणारे, कातडे कमावणारे, हातगाडीवाले. ज्यांनी कचऱ्यातून माल काढला त्यांना कचऱ्याच्या जागेवर नेऊन ठेवायचे. जमीन वरून साफ दिसली तरी नव्वद-शंभर वर्षे मुरलेले काळे पाणी आणि आतला वायू किती काळ त्रास देईल, याची खातरजमा लोकांसमोर झाल्याशिवाय तिथे कोणाचेही घर नको. धारावीवाल्यांशी आमचे भांडण नाही. ते आले तर आमच्यासारखेच असतील. दुसरी शक्यताही आहे. मालाडला चिंचोली बंदरची कचराभूमी बंद झाली आणि तिच्यावर आज काचेच्या इमारतींत संगणकाची कार्यालये चालतात. देवनार साफ झाल्यावर भाव वाढले, समोर खाडी आहे, रोहित पक्षी आहेत, तर इथेही काच चढेल आणि आम्हाला पुढच्या कुठल्या तरी डोंगराकडे धाडतील. दोन्हीपैकी काय होणार हे आम्हाला कोणी विचारलेले नाही. वर्गात पन्नास मुले बसतात. त्यांतल्या एकालाही आम्ही आजवर ‘अपात्र’ म्हटलेले नाही, नापासाला सुद्धा.

विचारलेले नाही, असे लिहिताना पेन जरा थबकले. विचारण्याची रीत कायद्यात आहे. २००६ च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण परवानगीपूर्वी जनसुनावणी लागते, स्थानिक भाषेत सारांश द्यावा लागतो. मुंबईच्या विकास आराखड्याचा २०१५ चा मसुदा हरकतींचा पाऊस पडला तेव्हाच मागे घेऊन नव्याने करावा लागला. म्हणजे हरकतीत जोर आहे. पण सूचना छापून येते ती मराठी आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत, बारीक टायपात. आमच्या गल्लीत उर्दू पेपर वाचतात. जे मराठी वाचतात ते आमच्या गल्लीत येत नाहीत. २०१५ साली आमच्या शाळेतून, शिक्षकखोलीतल्या एकोणीस पदवीधरांतून, एकही हरकत गेली नाही, कारण सूचना आम्हाला कळली मुदत टळल्यावर. हा दोष आम्ही कोणावर ढकलत नाही. मराठी आम्ही मुलांना पस्तीस गुणांपुरती शिकवत आलो. ज्या राज्यात राहतो त्या राज्याची कचेरीतली भाषा ही आमच्या मुलांच्या फुफ्फुसांचा प्रश्न आहे, हे आम्हाला फार उशिरा उमगले.

म्हणून गेल्या जूनपासून आठवी-नववीच्या मराठीच्या तासाला आठवड्यातून एक दिवस आम्ही धडा बाजूला ठेवतो आणि वर्तमानपत्रातली एक जाहीर सूचना वाचतो. ‘अधिसूचना’, ‘भूखंड’, ‘आरक्षण’, ‘प्रस्तावित’. पहिल्याच दिवशी गाडी ‘हरकत’ या शब्दावर अडली. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, आणि घरातल्या बोलीत खोडी. फळ्यावर ‘हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत’ असे वाचून पोरे खो-खो हसली. मागच्या बाकावरून तोच मुलगा ओरडला, “सर, सरकार खुद बोल रही है हरकत करो?”

आम्ही म्हटले, हो, लेखी करायची, आणि खाली नाव-पत्ता घालायचा. मग सगळ्यांना वहीचे मधले जोडपान काढायला सांगितले. पहिल्या मसुद्यात ‘दुर्गंधी’ हा एकच शब्द सात तऱ्हांनी लिहिला होता.